अक्षराचा गुडघा आणि नऊ हजार अर्ज

कुलगुरूंनी आकडा मोठ्याने वाचला आणि प्राध्यापक हर्षदा गवंडींना स्वतःचाच अभिमान वाटला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे बाईंनी जी धडाडी दाखवली तिचं कौतुक करायचं तेव्हा करूच, पण त्या सोमवारी सकाळी गारेगार केबिनमध्ये बसलेल्या असताना त्यांना अभिमानच वाटला होता.

"खो-खोचा अंतिम सामना जिंकलो तर नऊ हजार चारशे जादा अर्ज," कुलगुरू डॉ. विक्रांत शेडबाळे चष्मा वर सरकवत म्हणाले. "हरलो तर गेल्या वर्षीपेक्षा दोन हजार कमी. आणि अक्षरा खरात मैदानात उतरली नाही, तर हरण्याची शक्यता सत्तर टक्के. बरोबर वाचतोय ना मी?"

"बरोबर, सर. शेदोनशे इकडेतिकडे."

"म्हणजे शनिवारी काय ते कळेल. जिंकलो तर गंगाजळी भरते, तुमची विज्ञान शाखा चालू राहते. हरलो तर जूनपासून कुलूप. गवंडी मॅडम, मला हौस नाही हो शाखा बंद करायची."

हर्षदाबाईंनी मान डोलावली. सत्तावीस वर्षांपूर्वी त्या याच शाखेत बी.एस्सी.ला आल्या होत्या. शाखा वाचवायची तर सामना जिंकायला हवा, आणि सामना जिंकायचा तर सांख्यिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली, त्यांच्याच वर्गातली अक्षरा धावायला हवी. हिशेब सरळ होता. हिशेब त्यांनीच मांडला होता.

आता इथे थोडं शास्त्र येतं. कंटाळू नका, दोन मिनिटांचं काम आहे.

सन २०४३ पर्यंत माणसाच्या अंगठ्याला माणसापेक्षा जास्त भाव आला होता. फोनच्या पडद्यावर अंगठा कुठे थबकतो, किती वेळ थबकतो, काय झटकून टाकतो, कशावर परत येतो, याची नोंद फोन ठेवतच असतात. हर्षदाबाईंनी आठ वर्षांपूर्वी त्या नोंदींमधून प्रत्येक फोनमालकाची एक छोटी गणिती प्रतिकृती तयार केली. तिला नाव दिलं छाया. छायेला प्रश्न विचारला की ती मालक देईल तसं उत्तर देते. कायद्यानुसार नावगाव पुसलेलं असतं. बारावीच्या नोंदणीतून फक्त वय, मुलगा की मुलगी आणि तालुका, एवढंच जोडलेलं. एकटी छाया पुष्कळदा चुकते. पण दोन लाख छायांना एकच प्रश्न विचारून सरासरी काढली, की चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि खरं उत्तर हाती लागतं. अट एकच. चुका सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या नसाव्यात. हे बाई पहिल्या वर्षाच्या पोरांना दरवर्षी बजावून सांगत.

सप्तधारा विद्यापीठ तेव्हा मिरज-जत रस्त्यावरचं एक कोपऱ्यातलं, धापा टाकणारं विद्यापीठ होतं. बाईंनी छायांना विचारलं, आमच्याकडे कशासाठी याल? प्रयोगशाळा? अंगठा थांबेना. ग्रंथालय? थांबेना. मुलींच्या खो-खो संघाने जिंकलेला एक किरकोळ करंडक दाखवला, तर अंगठे तीन-तीन सेकंद थबकले! बस्स. तिथून गाडी सुटली ती सुटलीच. पंच्याऐंशी कोटींचं बंदिस्त क्रीडागृह झालं. तीन राज्यांतून खेळाडू आणले. विद्यापीठाचा रंगसुद्धा छायांना विचारून जांभळा केला. अर्ज सहा वर्षांत तिप्पट झाले. दरवर्षी छाया सांगेल तितकेच अर्ज येत, आणि शेजारची विद्यापीठं पाण्यात पाहत. फक्त ग्रंथालय आता पाच वाजता बंद व्हायचं आणि रसायनशास्त्रात तीन मुलांमध्ये एक ब्युरेट होती. त्यावर कुणी तक्रार केली की कुलगुरू आकडे दाखवत. आकडे बाईंचेच असत.

त्या दिवशी दुपारी मगदूम सर सांख्यिकी विभागाच्या जिन्यावरून वर आले. मगदूम सर म्हणजे खो-खोचे प्रशिक्षक, वय साठ, आवाज असा की दोन मैदानं पलीकडे ऐकू जावा. त्या दिवशी मात्र हळू बोलत होते.

"मॅडम, एक कागद दाखवायचाय. तुम्हाला आलेख कळतात म्हणून आलो."

खेळाडूंच्या गुडघ्याला संवेदक पट्टी चिकटवलेली असते. प्रत्येक पावलाला आतल्या लिगामेंटवर किती ताण येतो ते ती मोजते. अक्षराच्या उजव्या गुडघ्याचा आलेख तीन आठवड्यांपासून उतरणीला लागला होता. बाईंना तो एका नजरेत कळला.

"निम्म्याहून जास्त फाटलंय," सर म्हणाले. "खांबाभोवती गिरकी घेताना तुटणार. पाचव्या गिरकीला की पन्नासाव्या, एवढंच कळत नाही. तुटलं की कूर्चाही जाते. मग चाळिशीत काठी."

"मग ती खेळतेय कशी?"

"बधिरपट्टी. मेंदूकडे जाणारी कळ वाटेतच अडवते. नियमात बसते, कारण नियम लिहिणाऱ्यांना असलं काही सुचलंच नव्हतं." सरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पोरीला थांब म्हटलं, तर मलाच ऐकवते. म्हणते, सर, मी थांबले तर गवंडी मॅडमची शाखा बंद पडेल. आणि माझ्यासारख्या नऊ हजार मुली घरी बसतील. फाटकावर एवढं मोठं लिहिलंय ना ते!"

लिहिलं होतं खरं. 'अक्षरा धावते, तुझ्यासाठी.' दोन मजली जांभळं पोस्टर.

"सर, आकडा मी काढला. तिला धाव असं मी सांगितलेलं नाही."

"कुणीच सांगितलेलं नाही, मॅडम. कुलगुरूंना विचारा, तेही नाहीच म्हणतील. मीही आजवर गप्पच होतो. लाज वाटते, पण होतो."

सर निघून गेले. बाईंनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

मंगळवारी प्रात्यक्षिकाचा तास संपल्यावर त्यांनी अक्षराला थांबवून घेतलं. पोरगी गुडघ्यावर बर्फाची पिशवी दाबून बसली होती. काटक बांधा, उन्हाने रापलेला चेहरा, आणि हट्ट तर विचारूच नका.

"अक्षरा, आलेख पाहिला मी."

"सरांनी दाखवला असणार. मॅडम, चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"चार दिवसांचा नाही, चाळीस वर्षांचा आहे."

"तुम्हीच शिकवलंय ना, व्यक्तीपेक्षा समूह बघायचा? एक गुडघा आणि नऊ हजार मुली. कुठलं मोठं?" एवढं बोलून ती हसली. "बरं, त्या नऊ हजारांत माझ्यासारख्या कोण आहेत ते तरी दाखवा मला. मी बारावीला होते तेव्हाची माझी छाया असेल की. बघू तर!"

स्वतःची छाया उघडायचा हक्क कायद्याने प्रत्येकाला होता. अक्षराने बारावीच्या नोंदणीतला क्रमांक टाकला. पडद्यावर आलं : वय सतरा, मुलगी, तालुका जत.

"विचार काहीतरी," बाई म्हणाल्या.

अक्षराने विचारलं, सुट्टीत काय करायला आवडतं? छायेने उत्तर दिलं, मेंढरांच्या बाजारात चक्कर टाकायला. कशाच्या जाहिराती बघतेस? दाढीचं ब्लेड, मेंढ्यांची लस, सांधेदुखीचं तेल. मैदानावर काय बघायला आवडतं? जुन्या कुस्त्या, आणि हल्ली पोरींचा खो-खो.

अक्षरा आधी गोंधळली. मग तिच्या हातातली बर्फाची पिशवीच खाली पडली, इतकी ती हसली.

"अगंबाई! मॅडम, ही मी नाहीच! हे आमचे आबा आहेत, माझे वडील!"

"म्हणजे?"

"घरात फोन एकच होता. तो आबांच्या खिशात. फॉर्मवर नंबर टाकला तो तोच. मला अर्धा तास मिळायचा, अभ्यासाला, तोही आबा शेजारी बसलेले असताना. दाढीचं ब्लेड! आता मुलींना सांगते, हसून मरतील."

बाई हसल्या नाहीत. "वसतिगृहात तुझ्या मजल्यावरच्या मुलींनी कुणाचे नंबर टाकले होते?"

"काय की. कुणी दादाचा, कुणी काकांचा. सगळ्यांच्या घरी असंच असतं की मॅडम. तुमच्या वेळी नव्हतं?"

होतं. हर्षदाबाईंच्या बारावीच्या फॉर्मवर त्यांच्या थोरल्या भावाचा नंबर होता. आणि तरी आठ वर्षांत एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं की छाया कुणाची आहे हे तपासावं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्यांना.

पण बाई होत्या सांख्यिकीच्या. एका पोरीच्या हसण्यावरून निष्कर्ष काढणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांना खात्री करायची होती, आणि तीही नावगाव न विचारता. दुपारभर डोकं खाजवल्यावर एक साधी युक्ती सुचली. बारावीच्या गणिताच्या पेपरचे तीन तास परीक्षार्थी वर्गात असते आणि फोन केंद्राबाहेर. त्या तीन तासांत ज्या फोनवर अंगठा चालू होता, तो अंगठा परीक्षार्थीचा असणं शक्यच नाही. त्यांनी संगणकाला नोंदी चाळायला लावल्या. ग्रामीण मुलींच्या शंभर छायांपैकी अडुसष्ट छाया पेपर चालू असताना मजेत कुस्त्या बघत होत्या.

म्हणजे आठ वर्षं विद्यापीठ मुलींना विचारतंय असं समजून त्यांच्या बापांना आणि भावांना विचारत होतं. त्यांच्या चुका एकमेकींना खाणार कशा? सगळ्या एकाच बाजूच्या!

बुधवारी त्या कुलगुरूंसमोर उभ्या राहिल्या आणि एका दमात सगळं सांगितलं. शेडबाळे सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पण मॅडम, दरवर्षी अंदाज बरोबर येतात त्याचं काय?"

"येतात, कारण फॉर्म भरायचा की नाही हे बापच ठरवतात."

"मग चुकलं कुठे? बाप बघतात, बाप ठरवतात, बाप फी भरतात. छाया बापाची निघाली तर बिघडलं काय?"

हा घाव वर्मी बसला. "सर, छाया प्रवेशापर्यंतच बघते. पुढचं मी काल काढलं. ज्या वर्षी करंडक आला, त्या वर्षी आलेल्या ग्रामीण मुलींपैकी निम्म्या दुसऱ्या वर्षाच्या आत घरी परतल्या. करंडक नव्हता त्या वर्षी पाचातली एक जात होती. बापांना करंडक आवडला. मुलींना इथे काय हवं होतं हे आपण विचारलंच नाही."

"हे पुढच्या वर्षी बघू."

"आणि अक्षरा? तिला वाटतंय तिच्यासारख्या मुली तिच्याकडे बघून येणार आहेत. त्यासाठी ती पाय मोडून घ्यायला निघालीय. हे तिला सांगायला नको?"

"शनिवारनंतर सांगा." कुलगुरूंचा आवाज कठोर झाला नाही, थकला. "माझ्या डोक्यावर सहाशे जणांचे पगार आहेत. त्यात तुमच्या विभागाचेही सात आले. मी त्या मुलीवर जबरदस्ती केलेली नाही. ती सज्ञान आहे, तिला खेळायचंय. बधिरपट्टीला पालकांची संमतीसुद्धा घेतलीय. हे बघा." पडद्यावर एका फोनवरून आलेलं हिरवं 'होय' होतं. "सामन्याआधी खेळाडूचं मन विचलित करायचं नाही. ही विनंती नाही, मॅडम."

बाई खाली उतरल्या. आतापर्यंत त्या घाबरलेल्या होत्या, हे खरं. पण ते हिरवं 'होय' बघितल्यावर भीती गेली आणि चीड आली. कारण इथेही विचारलं होतं ते अक्षराला नाही, तर पुन्हा आबांच्या फोनलाच.

गुरुवारी त्यांनी रजा टाकली आणि गाडी जतच्या दिशेने काढली. वाटेत चहाला थांबल्या तेव्हा मोह आवरला नाही. छाया उघडायला अक्षराने परवा परवानगी दिलीच होती. त्यांनी आबांच्या छायेला विचारलं : मुलीचा गुडघा दुखावलाय, तिला अंतिम सामना खेळू द्यायचा की नाही? हा प्रश्न शंभर वेळा फिरवून विचारला. एक्याण्णव वेळा उत्तर आलं, खेळू द्या. बाईंनी अर्धा चहा तसाच टाकला. परत फिरावं असंही एकदा मनात आलं. पण फिरल्या नाहीत.

तुकाराम खरात, म्हणजे आबा, माळावर मेंढरं बसवून जाळीला खुंटी ठोकत होते. विद्यापीठातून मास्तरीणबाई आल्यात म्हटल्यावर त्यांनी घोंगडं झटकून अंथरलं.

"आबा, गेल्या आठवड्यात तुमच्या फोनवर काहीतरी आलं होतं. तुम्ही 'होय' दाबलंत. आठवतंय?"

"आलं आसंल की. होय का न्हाय इचारत्यात, म्या होय दाबतो. ब्यांकंचं बी तसंच, लशीचं बी तसंच. न्हाय दाबलं की परत परत इचारत्यात."

बाईंनी मगदूम सरांचा कागद पसरला. लिगामेंट, ताण, गिरकी, सगळं साध्या भाषेत सांगितलं. आबांना फार सांगावं लागलं नाही. मेंढराचा सांधा त्यांनी जन्मभर हाताळला होता. कागदावरच्या उतरत्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"मग आता काय म्हणता, आबा? खेळू द्यायचं की नाही?" बाईंनी विचारलं.

"मला कशाला इचारताय?"

"तुम्ही वडील आहात. संमती तुमची—"

"आवो बाई, फोन माझा हाय. पाय तिचं हायत." आबांनी कागद घडी करून परत दिला. "तिला समदं सांगितलंय का कुणी? हे, ह्या रेघेचं? तिच्या जिवावर तुम्ही लोक काय बांधाय लागलाय, ते?"

"नाही."

"मग जावा की माघारी. हितं काय करताय?"

शंभरपैकी एकदाही छायेने असं उत्तर दिलं नव्हतं. देणार कसं? विचारताना बाईंनी दोनच पर्याय दिले होते. त्यांनी आबांना नमस्कार केला, अगदी वाकून केला, आणि गाडीकडे जवळजवळ धावतच गेल्या.

शुक्रवारी सकाळी क्रीडागृहात सराव चालू होता. बाई थेट मैदानाच्या कडेला गेल्या आणि अक्षराला हाक मारली. मगदूम सरांनी पाहिलं, शिट्टी वाजवली आणि बाकीच्या मुलींना पाणी प्यायला पाठवून दिलं. कुलगुरूंचा आदेश त्यांनाही आला होता. ते पाठ फिरवून उभे राहिले.

"सामन्याच्या आधी तुझ्याशी बोलायचं नाही असं मला बजावलंय," बाई म्हणाल्या. "म्हणून नीट ऐक, पुन्हा संधी मिळेलच असं नाही."

त्यांनी काही लपवलं नाही. गणिताच्या पेपराची युक्ती सांगितली, अडुसष्टचा आकडा सांगितला, घरी परतलेल्या निम्म्या मुलींचं सांगितलं. आबांना भेटल्याचं सांगितलं. गुडघ्याचा आलेख तिच्याच हातात दिला आणि कुठल्या बिंदूनंतर काय होतं, ते तिलाच वाचायला लावलं.

अक्षराचा चेहरा लाल झाला. "म्हणजे त्या पोस्टरवर मी ज्यांच्यासाठी धावतेय, त्या मुली—"

"त्या मुलींना आम्ही कधी विचारलंच नाही. चूक माझी आहे. माझ्या एकटीची."

"दोन वर्षं धावतेय मी, मॅडम! दोन वर्षं! दर सामन्याआधी तुमचा आकडा पाठ करून उतरते!" तिचा आवाज फाटला. "मग मी कुणासाठी धावत होते? पोरींच्या दादांसाठी?"

"रागव. तुझा हक्क आहे."

"आणि तुमची शाखा? उद्या हरलो तर बंदच होणार ना?"

"होईल कदाचित. जिंकलो तर अर्ज येतील, छाया तेवढं खरं सांगते. ते तुझ्यापासून लपवत नाही. पण शाखा वाचवायचं काम माझं आहे, अक्षरा. मी शेहेचाळीस वर्षांची धडधाकट बाई आहे. ते तुझ्या गुडघ्यावर टाकून मी निवांत बसले होते, ते ओझं आज परत घेतेय. आता खेळायचं तर तुझ्यासाठी खेळ, नाही खेळायचं तर तुझ्यासाठी थांब. दोन्हींत मी तुझ्या बाजूने आहे."

अक्षरा खाली बसली. मग तिने गुडघ्यावरच्या बधिरपट्टीची कड नखाने उचलली आणि ती सोलून काढली. कळ आली तशी ती कळवळली, डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"आई गं! एवढं दुखत होतं होय रोज!" ती म्हणाली. मग पाठमोऱ्या मगदूम सरांना हाक मारली. "सर! उद्या माझ्या जागी राधिकाला घ्या. आणि तिला आत्ता इकडे पाठवा, डावीकडून हुल कशी द्यायची ते अजून तिला जमत नाही."

मगदूम सर वळले तेव्हा त्यांनीही टोपीने डोळे पुसले. साठीच्या माणसाने रडू नये असा काही नियम नाही.

शनिवारी सप्तधारा तीन गुणांनी हरलं. राधिका जिवाच्या आकांताने खेळली, पण अक्षरासारखी तीन-तीन मिनिटं काही टिकली नाही. अक्षरा बाकावर बसून घसा बसेपर्यंत ओरडत होती. सोमवारी हर्षदाबाईंकडून छायेचं काम काढून घेतलं. मेअखेर अर्ज मोजले तर एकोणीसशे साठने घटले होते. छाया पुन्हा खरी ठरली होती! फाटकावरचं पोस्टर उतरवलं गेलं. अक्षराच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि सहा महिन्यांत नीट चालू लागेल, कदाचित पळेलही, असं डॉक्टर म्हणाले.

कुलगुरू वाईट मनुष्य नव्हते, हेही सांगतो. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. "जूनअखेरपर्यंत विज्ञानाला साठ प्रवेश आणून दाखवा. बसच्या डिझेलची सोय करतो, त्याहून जास्त काही मागू नका. साठ झाले नाहीत तर मी काही करू शकणार नाही."

"आणते," बाई म्हणाल्या.

छाया नव्हती, त्यामुळे काम जुन्या पद्धतीने करणं भाग होतं. विद्यापीठाच्या जुन्या बसमधून बाई आणि मगदूम सर गावोगाव निघाले. गुडघ्याला पट्टा बांधून अक्षराही हट्टाने बसली. पद्धत अशी ठरवली, की शाळेच्या एका खोलीत एकेका मुलीला एकटीलाच बोलवायचं. बाप, भाऊ, काका बाहेर. तिथे मगदूम सर त्यांना गप्पांत गुंतवून ठेवत.

पहिल्या दोन गावांत अवघे पाच अर्ज मिळाले. मुली आत येत, दाराकडे बघत, 'आबांना विचारून सांगते' म्हणत आणि निघून जात. बाई वैतागत नव्हत्या असं नाही. वैतागत होत्या, आणि पुढचं गाव गाठत होत्या.

तिसऱ्या गावात एक मुलगी आली. जाड चष्मा, दोन वेण्या, हातात बारावीची गुणपत्रिका. रसायनशास्त्रात शंभरपैकी सत्त्याण्णव. बाईंनी ती दोनदा वाचली.

"अगं, एवढे गुण! मग आमच्याकडे अर्ज का नाही केलास? जत इथून तासाभरावर, आपलं विद्यापीठ त्याच्याही अलीकडे."

मुलगी चष्मा काढून ओढणीला पुसू लागली.

"बाहेर कुणाला ऐकू जात नाही. सांग."

"मॅडम, तुमचं विद्यापीठ खेळाचं ना?" ती चाचरत म्हणाली. "मला पळता येत नाही. लहानपणापासून दम लागतो. खो-खो येत नसलेल्या मुलींना तुम्ही घेता का?"

पंच्याऐंशी कोटी रुपये, दोन मजली पोस्टर आणि हर्षदाबाईंची स्वतःची आठ वर्षं, सगळं मिळून या पोरीपर्यंत एवढाच निरोप पोचला होता.

उत्तर अक्षराने दिलं. लंगडत पुढे आली, मुलीसमोर बसली आणि कोरा अर्ज उघडून तिच्याकडे सरकवला.

"घेतात. मलाही येत नाही सध्या." तिने गुडघ्याचा पट्टा दाखवला. "तुझ्यासारख्या अजून किती जणी थांबल्यात गं, पळता येत नाही म्हणून?"

मुलीने बोटांवर मोजायला सुरुवात केली. एका हाताची बोटं संपली तेव्हा तिने गुणपत्रिका टेबलावर ठेवली आणि दुसरा हात वर केला.